शर्यतीच्या मोटारी व त्यांच्या लहान प्रतिकृति

प्रस्तुत लेखाचा मथळा वाचून कित्येक वाचकांस हंसूं येईल. मोटारींची शर्यत ही आपल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलुखांतील वस्तु नव्हे. आणि तिच्या खेळण्याएवढ्या प्रतिकृति जमविणें हा तर निव्वळ रिकामपणाचा उद्योग, असेंही कोणी म्हणेल. परंतु लहान प्रतिकृति करण्याची हौस आपल्याकडे नाहीं, असें मात्र कोणास म्हणतां येणार नाहीं. आश्विन महिना सरत आला कीं आपल्या गांवांतील मुलें अंगणांत दगड, गोणपाट आणि चिखल घेऊन बसतात व दोन-तीन दिवसांत तोरणा किंवा राजगड उभा करितात. वेल्ह्याच्या मुलास तर आणखी एक सोय आहे. मान वर केली कीं खरा तोरणा समोर. मान खालीं घातली कीं स्वतः केलेला. मूळ वस्तु आणि तिची प्रतिकृति एकाच जागीं बसून ताडून पाहावयास मिळणें, हें भाग्य विलायतेंतील मोठमोठ्या संग्राहकांसही क्वचितच लाभतें.

या किल्ल्यापासूनच आरंभ केला म्हणजे पुढील विषय सोपा होईल. हिशेबाकरितां गडाची पायथ्यापासूनची उंची ६०० मीटर धरूं, आणि अंगणांतील किल्ला ६० सेंटिमीटर, म्हणजे सुमारें २ फूट, उंच केला असें समजूं. मूळ वस्तु प्रतिकृतीच्या हजारपट झाली. म्हणून प्रमाण झालें १:१०००. या प्रमाणानें १.७ मीटर उंचीचा मावळा १.७ मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा, व्हावयास पाहिजे. आपण बाजारांतून १० सेंटिमीटर उंचीचा मातीचा मावळा आणतों व त्यास दरवाजाशीं पहाऱ्यास उभा करितों. तेव्हां तो १०० मीटर उंचीचा राक्षस होऊन बसतो, आणि ज्या दरवाजाचें तो रक्षण करितो त्यांत त्याचें पाऊलही शिरणार नाहीं! याचा अर्थ आपले किल्ले टाकाऊ आहेत असा मुळींच नव्हे. किल्ल्यांत हौस आहे, आठवण आहे. प्रमाण मात्र नाहीं. खेळणें आणि प्रमाणबद्ध प्रतिकृति यांतील भेद तो हाच. खेळण्यानें मूळ वस्तूची ओळख पटली म्हणजे पुरे. प्रतिकृतीनें मात्र मोजपट्टी लावली असतां प्रत्येक ठिकाणीं तोच भागाकार दिला पाहिजे.

मोटारींच्या लहान प्रतिकृतींत जें प्रमाण सर्वांत मान्य आहे तें १:४३. हा आंकडा प्रथम पाहणारास मोठा चमत्कारिक वाटतो. चाळीस नाहीं, पन्नास नाहीं, त्रेचाळीसच कां? याचें उत्तर आगगाडींत सांपडतें. इंग्लंडांत लिव्हरपूल शहरीं फ्रँक हॉर्नबी यांचा मेकॅनो नांवाचा कारखाना होता. तेथें ‘ओ’ मापाच्या खेळण्यांतील आगगाड्या तयार होत, व त्यांत खऱ्या गाडीच्या एका फुटास ७ मिलिमीटर असें माप धरीत. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्यास ७ नें भागिलें कीं ४३.५ येतात. या आगगाडीच्या स्टेशनाबाहेर उभ्या करावयास मोटारी हव्यात म्हणून कारखान्यानें १९३३-३४ च्या सुमारास लहान मोटारी काढल्या, आणि १९३४ सालीं त्यांस ‘डिंकी टॉइज’ हें नांव मिळालें. आरंभीच्या गाड्या मापानें कांटेकोर नव्हत्या. पण आगगाडी मागें पडली, मोटारी पुढें गेल्या आणि त्रेचाळीसाचा आंकडा तेवढा सर्व जगभर राहिला. फुटास साडेतीन मिलिमीटर धरिले तर प्रमाण बरोबर निम्मे, म्हणजे १:८७ होतें. पुण्यास कोथरुडांत भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें व १९९८ सालीं सुरू झालेलें लहान आगगाड्यांचें संग्रहालय याच प्रमाणाचें आहे. भोराहून पुण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तें अवश्य पाहावें, आणि गाड्या धावत असतां फलाटावरील माणसें दारांतून आंत मावतील कीं नाहीं हें नीट न्याहाळावें.

आतां शर्यतीकडे वळूं. फ्रान्स देशांत ल माँ या गांवीं १९२३ च्या मे महिन्यांत एक नवीन प्रकारची शर्यत झाली. सर्वांत वेगवान गाडी कोणती, हा तिचा प्रश्न नव्हता. २४ तास न थांबतां, दिवसा आणि रात्रीं, उन्हांत आणि पावसांत, जास्तींत जास्त अंतर कोणती गाडी तोडते, हा होता. रस्ता नेहमींच्या रहदारीचा, लांबी सुमारें १७ किलोमीटर, आणि प्रत्येक गाडीस दोन चालक, पाळीपाळीनें बसणारे. दिवा विझला, चाक निसटलें किंवा तेल गळालें तर वेगाचा कांहीं उपयोग नाहीं. पहिल्या वर्षीं जी गाडी विजयी झाली तिनें २,२०० किलोमीटरांहून अधिक मजल मारिली. पुढें १९२४ सालीं आणि नंतर १९२७ पासून १९३० पर्यंत लागोपाठ चार वर्षें बेंटली या इंग्रजी गाडीनें ही शर्यत जिंकिली. ही शर्यत आजही दरवर्षीं भरते.

अशा गाडीची प्रतिकृति करणें अवघड कां, तें बेंटलीच्या चाकावरून कळेल. त्या काळचीं चाकें तारांच्या आऱ्यांचीं असत. सायकलच्या आऱ्याहून जाड, ४ मिलिमीटरांचा आरा घेतला, तरी १:४३ प्रमाणांत त्याची जाडी मिलिमीटराच्या दहाव्या भागाहूनही कमी येते. धातु ओतून एवढी बारीक तार निघत नाहीं. म्हणून खेळण्याचा कारखानदार आरे जाड करितो, मधली फट बुजवितो व पुढें जातो. प्रतिकृति करणारा पातळ पत्र्यावर तेजाबाचें काम करून आरे कोरून काढितो. रंगाचीही तीच गोष्ट आहे. प्रतिकृतीवर अर्ध्या मिलिमीटराचा थर बसला तर खऱ्या गाडीवर २१.५ मिलिमीटरांचा, म्हणजे पाऊण इंचाहूनही जाड गिलावा केल्यासारखें होईल. सर्व कांहीं त्रेचाळिसानें भागितां येतें, पण सर्व कांहीं त्रेचाळिसावा हिस्सा होऊन राहावयास तयार नसतें!

संग्राहक एकाच गाडीच्या चार-चार प्रतिकृति कां जमवितात, हें कोडें बाहेरच्या माणसास उलगडत नाहीं. फोर्ड कारखान्याची ‘जीटी ४०’ नांवाची गाडी घ्या. तिची उंची अवघी ४० इंच, म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेएवढी; नांवांतील चाळीस तो हाच. १:४३ प्रमाणांत ती २४ मिलिमीटरांहूनही किंचित् ठेंगणी होते. फिक्या निळ्या अंगावर नारिंगी पट्टा असलेली या जातीची एक गाडी, तिचा सांगाड्याचा क्रमांक १०७५, हिनें १९६८ सालची ल माँची शर्यत जिंकिली आणि १९६९ सालचीही तिनेंच जिंकिली. गाडी एकच, परंतु १९६८ सालीं तिच्या अंगावर ९ चा आंकडा होता व १९६९ सालीं ६ चा. चालक निराळे, बारीकसारीक जुळणी निराळी. दुसऱ्या वर्षीं तर २४ तास धावून झाल्यावर दुसऱ्या क्रमांकाची पोर्श गाडी केवळ १२० मीटरांच्या आसपास मागें होती. म्हणून ९ आंकड्याची प्रतिकृति एका दिवसाची साक्ष देते आणि ६ आंकड्याची दुसऱ्या. शर्यतीची गाडी ही दर शर्यतीस बदलत असते. मोडते, डागडुजी होते, रंग बदलतो, विकली जाते, कित्येकदां जळून खाक होते. अमुक दिवशीं ती कशी होती हें पुष्कळदां छायाचित्रें व या चिमुकल्या प्रतिकृति यांतच उरतें. ज्या कारागिरानें आंकडा किंवा दिव्याची जागा चुकविली, त्यानें खोटी साक्ष दिली, असें मला वाटतें.

१९६८ सालची ती शर्यत जून महिन्यांत व्हावयाची होती. परंतु त्या वर्षीं मे महिन्यांत फ्रान्सांत विद्यार्थ्यांची व कामगारांची मोठी खळबळ झाल्यामुळें ती २८ व २९ सप्टेंबर या दिवशीं झाली. विजयी गाडीचे दोन चालक होते: मेक्सिकोचे पेद्रो रॉद्रिगेस आणि बेल्जियमचे ल्युसियां बियांकी. यांपैकीं बियांकी हे दोन-सवादोन महिन्यांनीं आपल्या मुंबईंत आले होते. तेंही मोटार चालवीत!

ही हकीकत आपल्याकडे आतां फारशी कोणास ठाऊक नाहीं, म्हणून थोडी विस्तारानें सांगतों. १९६८ सालीं लंडनच्या व सिडनीच्या एकेका वर्तमानपत्रानें मिळून लंडन ते सिडनी अशी मोटारींची महाशर्यत ठरविली. २४ नोव्हेंबर रोजीं लंडनहून ९८ गाड्या निघाल्या. पॅरिस, तूरिन, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली असा मार्ग क्रमीत त्या डिसेंबरच्या आरंभीं मुंबईस यावयाच्या, आणि तेथून आगबोटीनें ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यास जाऊन पर्थहून सिडनीकडे सुटावयाच्या. लंडन ते मुंबई हें अंतर सुमारें ११,००० किलोमीटर. तुर्कस्तानांतील व अफगाणिस्तानांतील डोंगरी वाटांनीं अनेक गाड्यांचा निकाल लावला आणि मुंबईच्या बंदरांत ‘चुसान’ नांवाच्या बोटीवर अवघ्या ७२ गाड्या चढल्या. त्या वेळीं आघाडीस होते इंग्लंडचे रॉजर क्लार्क व त्यांची लोटस कॉर्टिना. बियांकी सित्रोएन गाडींत असून पहिल्या कांहीं क्रमांकांत होते. अँड्र्यू कॉवन नांवाचे एक स्कॉटिश शेतकरी हिलमन हंटर या साध्या, घरगुती वापराच्या गाडींतून आले होते, आणि त्यांच्याकडे कोणाचें विशेष लक्ष नव्हतें.

ऑस्ट्रेलियांत क्लार्कची गाडी वरचेवर बिघडली, आणि आघाडी बियांकी व त्यांचे सहकारी ओजिए यांच्याकडे आली. शर्यत जवळजवळ जिंकलीच होती. सिडनी अगदीं टप्प्यांत आलें असतां, रहदारीस बंद आहे असें मानलेल्या रस्त्यावर समोरून एक मोटार आली आणि दोहोंची टक्कर झाली. बियांकी जबर जखमी झाले. मागून येणारे पॅडी हॉपकर्क यांनीं स्वतःच्या क्रमांकाचा विचार न करितां गाडी थांबवून जखमींस मदत केली. विजय मिळाला तो कॉवन यांच्या साध्या हिलमनला. हॉपकर्क दुसरे आले. १७ डिसेंबरास सिडनीस पोंचलेल्या गाड्या होत्या ५६. बियांकी त्या अपघातांतून वांचले खरे. परंतु १९६९ च्या मार्च महिन्यांत ल माँ येथेंच सराव करीत असतां त्यांचा अंत झाला. आपण जिंकिलेली गाडी दुसऱ्यांदा जिंकते कीं काय, हें पाहावयास ते राहिले नाहींत.

माझे एक मामा त्या काळीं मुंबईच्या गोदींत कामास होते. आपल्याकडील पुष्कळ घरांतून एक तरी कर्ता पुरुष मुंबईस असे, तसें आमचेंही होतें. त्या गाड्या त्यांनीं पाहिल्या होत्या. “अरे, कोणाचा पत्रा चेपलेला, कोणाचा दिवा फुटलेला, पण बघायला माणूस कोण लोटलं होतं!” असें ते मोठ्या रंगांत येऊन सांगत. काबूल कोठें आहे हें आम्हां मुलांस ठाऊक नव्हतें. पण खंडाळ्याचा घाट ओलांडून माणसें मुंबईस जातात तसाच कांहीं तरी मोठा घाट ओलांडून या मोटारी आल्या असाव्यात, असें आम्हीं मनाशीं ठरविलें. पुढें १९७० च्या दिवाळीस मामा घरीं आले तेव्हां त्यांनीं मजकरितां एक लहान निळी मोटार आणिली. बोटीवरील कोणा खलाशाकडून ती त्यांस मिळाली होती. तीच ही हिलमन हंटर. ब्रिटनमधील कॉर्गी नांवाच्या कंपनीनें शर्यतीच्या विजयानंतर, १९६९ सालीं, ती काढिली होती. आणि शर्यत ऑस्ट्रेलियांत संपली म्हणून गाडीबरोबर पेटींत एक चिमुकला कांगारू ठेविला होता.

आमच्या घरीं कांगारू कोणीच पाहिला नव्हता. आजी म्हणाली, “हे हरीण बसलंय वाटतं.” म्हणून आम्हीं त्यास किल्ल्याच्या जंगलांत, अळीवाच्या हिरवळीवर, वाघापासून दूर बसविलें. मोटार तोरण्याच्या चिखलाच्या वाटेवर ठेविली. ती ९-१० सेंटिमीटर लांब आणि मावळा तितकाच उंच. तरी कोणास कांहीं विपरीत वाटलें नाहीं. मला एवढेंच वाटलें कीं भगव्या निशाणाखालीं निळी गाडी शोभत नाहीं. बैलांच्या शिंगांस लावून उरलेला तांबडा रंग गोठ्यांत होता. काडीस कापूस गुंडाळून मीं ती गाडी नखशिखान्त तांबडी केली. शर्यतीचीं चिन्हें, दिवे, खिडक्यांच्या कडा, सर्व त्या रंगाखालीं गेलें. मामा पाहून हंसले आणि “झकास!” म्हणाले. मीं काय बुजविलें हें त्यांस समजलें होतें, असें आतां वाटतें. पण त्यांनीं तें दाखविलें नाहीं.

पाऊण इंच गिलाव्याचा हिशेब मीं वर दिला, तो याच गाडीवरून घेतलेला आहे.

अशा गाड्या तयार कशा होतात तें थोडक्यांत सांगतों. मूळ गाडीचीं मापें व छायाचित्रें घेऊन प्रथम एक नमुना करितात. हल्लीं हें माप प्रकाशकिरणांच्या यंत्रानेंही घेतात. नमुन्यावरून पोलादाचा साचा बनवितात. साच्यास खर्च फार येतो. परंतु एका साच्यांतून हजारों गाड्या निघतात. त्यांत जस्त, थोडें ॲल्युमिनियम व किंचित् तांबें आणि मॅग्नेशियम यांचा मिश्र धातु दाबानें सोडितात. हा धातु सुमारें ३८५ अंश सेल्सियसवर वितळतो, म्हणून काम झपाट्यानें होतें. थोड्याच प्रती काढावयाच्या असल्या तर रबरी साच्यांत राळेसारखा कृत्रिम द्रव ओतितात. ल माँच्या शर्यतींत मागें पडलेल्या, नांवही कोणास आठवत नाहीं अशा गाड्यांच्या प्रतिकृति आज मिळतात त्या बहुधा या रीतीनें केलेल्या असतात. साचेही प्रवास करितात: लिव्हरपूलच्या डिंकीचे कांहीं जुने साचे पुढें कलकत्त्यास आले, आणि त्यांतून निघालेल्या गाड्या ‘निकी टॉइज’ या नांवानें आपल्या देशांत विकल्या गेल्या. लिव्हरपूलचा कारखाना १९७९ सालीं बंद पडला.

जस्ताच्या या धातूस एक रोग जडतो. ओततेवेळीं त्यांत शिशाचा अल्पसा अंश मिसळला, तर वर्षानुवर्षें आंतल्या आंत कणांचे सांधे सुटूं लागतात. अंग फुगतें, बारीक भेगा पडतात, आणि एके दिवशीं सर्व गाडीचा भुगा होतो. १९४० पूर्वींच्या कित्येक डिंकी गाड्या अशाच गेल्या. यावर औषध नाहीं. दमट हवेंत हा रोग बळावतो, आणि वेल्ह्याचा पाऊस तर सर्वांस माहीत आहे. तेव्हां कोणाच्या घरीं मुंबईहून आलेली जुनी गाडी असल्यास ती भिंतींतील ओलसर कोनाड्यांत न ठेवितां कोरड्या पेटींत ठेवावी. मूळ पुठ्ठ्याची पेटी असली तर तीही फेकूं नये. संग्राहक पेटीस गाडीइतकेंच मोल देतात. हें मला मात्र थोडें हास्यास्पद वाटतें.

मोल आलें म्हणजे लबाडीही येते. साधी गाडी दुर्मिळ रंगांत रंगवून विकण्याचा धंदा पुष्कळ ठिकाणीं चालतो. ओळखावयाची युक्ति सोपी आहे. गाडी उलटी करून तळाची खिळी पाहावी. कारखान्यांत ठोकलेली खिळी एकदां कापून काढिली कीं पूर्वीसारखी बसत नाहीं. आणि दाराच्या सांध्यांत भिंगानें पाहावें. रंगविणाराचा हात तेथपर्यंत पोंचत नाहीं.

ज्यांच्याजवळ अशी गाडी नाहीं त्यांनीं खिन्न होण्याचें कारण नाहीं. भोरच्या एस्‌. टी. स्थानकावर मोजपट्टी घेऊन जा, तेथील अधिकाऱ्यांची परवानगी घ्या आणि उभ्या गाडीचीं मापें टिपा. गाडी ११ मीटर लांब भरली तर १:४३ प्रमाणांत २५.६ सेंटिमीटर येतील, १.७ मीटरांचा वाहक येईल ४ सेंटिमीटर. पुठ्ठा, खळ आणि धारदार पातें एवढ्यावर काम होतें. खिडक्या मोजल्याखेरीज कापूं नका. दहांपैकीं नऊ मुलें गाडीस आठवणीनें खिडक्या करितात, आणि त्या हटकून दोन कमी किंवा दोन जास्त होतात.

माझी हिलमन अद्याप मजजवळ आहे. कांहीं वर्षांपूर्वीं पुण्यास एका जाणत्या संग्राहकास ती दाखविली. रंग काढण्याचें द्रव्य लावलें तर तांबड्याबरोबर खालचा निळाही जाईल व चिन्हें तर खात्रीनें जातील; मग ती पुन्हां निळी रंगविली तरी १९६९ सालची राहणार नाहीं, असें त्यांचें मत पडलें. म्हणून ती तशीच आहे. डाव्या दाराच्या सांध्यांत दोऱ्याएवढी निळी रेघ भिंगांतून दिसते, तेवढीच मूळची. कांगारू मात्र त्याच वर्षीं किल्ला मोडतांना चिखलाबरोबर गेला. अंगणाच्या त्या कोपऱ्यांत आतां गुरांची गव्हाण आहे, आणि त्याचा शोध मीं सोडून दिला आहे.